जबड्याचं हाड गेलंय, कॉम्प्युटरवर आखून शस्त्रक्रिया सुचवली आहे. माहिती आणि अनुभव हवेत

पाऊलखूण

नमस्कार. इथं मी बरीच वर्षं नुसती वाचत आले. आज लिहायला बसले, कारण दोन आठवड्यांत आम्हाला हो की नाही ते कळवायचं आहे.

माझा धाकटा भाऊ, वय २९. अकरा महिन्यांपूर्वी दुचाकी घसरली आणि तो तोंडावर आपटला. खालचा जबडा डावीकडे तीन ठिकाणी मोडला. त्या रात्री जिथं नेलं तिथं प्लेटा आणि स्क्रू बसवले. दीड महिन्यात हनुवटीखालून पू यायला लागला. प्लेटा काढाव्या लागल्या, आणि मेलेलं हाड काढता काढता जवळजवळ ७ सेंटिमीटर हाड गेलं. संसर्ग आता पूर्ण बरा झालाय, पण उरलेला जबडा डावीकडे सरकलाय. हनुवटी नाकाच्या रेषेत राहिली नाही आणि उजवीकडचे चांगले दातसुद्धा एकमेकांवर बसत नाहीत.

बोलताना तो डाव्या हाताची तीन बोटं गालाखाली लावून जबडा वर धरतो. आधी मुद्दाम धरायचा, आता हात आपोआप जातो. फोनवर बोलतानाही.

नवीन डॉक्टरांनी सांगितलंय की पायातलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवायचं आणि सगळे काप आधी कॉम्प्युटरवर आखून घ्यायचे. पाय कापायचा म्हटल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. मला विचारायचंय ते एवढंच: कॉम्प्युटर यात नेमकं करतो काय? त्याच्याशिवाय चालणार नाही का? आणि पायाचं पुढे काय होतं?

मणिबंध

पाऊलखूण, मी तोंड आणि जबड्याच्याच शस्त्रक्रिया करतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत त्याच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. पण प्रश्न चांगले आहेत, सविस्तर लिहितो.

आधी पायाचं हाड का ते. गेलेला तुकडा लहान असेल, आजूबाजूचे मऊ भाग निरोगी असतील, तर कमरेच्या हाडाचा नुसता तुकडाही चालतो. तो हळूहळू आजूबाजूच्या रक्तावर जगतो. पण साधारण ६ सेंटिमीटरच्या पुढे, आणि त्यातही जिथं आधी पू होऊन गेलाय तिथं, असा तुकडा विरघळून जाण्याची किंवा पुन्हा चिघळण्याची भीती मोठी असते. तिथं स्वतःची रक्तवाहिनी घेऊन आलेलं जिवंत हाड लागतं. फिब्युलाबरोबर येणारी धमनी आणि शिरा मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. ते टाके केसाहूनही बारीक धाग्याचे असतात. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ साली हिडाल्गो या शल्यविशारदांनी मांडली आणि आजही मोठ्या तुटीसाठी हेच हाड सर्वांत जास्त वापरलं जातं.

गुडघ्याखाली पायात दोन हाडं असतात. अंगाचं वजन नडगीचं जाड हाड पेलतं. फिब्युला तिच्या बाहेरच्या अंगाला असते. तिचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. अट एकच: घोट्याकडचा आणि गुडघ्याकडचा ६ ते ८ सेंटिमीटर भाग राखायचा. खालचा भाग घोट्याला आधार देतो आणि वरच्या टोकाजवळून पाऊल उचलणारी नस (मज्जातंतू) जाते.

आता कॉम्प्युटर. फिब्युला सरळ काठी आहे आणि जबडा वाकलेला. सरळ काठीचा बाक करायचा तर तिच्यातून पाचरी कापून काढाव्या लागतात, म्हणजे तुकडे एकमेकांना कोनात भिडतात. तो कोन दोन-तीन अंशांनी चुकला तर दुसऱ्या टोकाला, सांध्यापाशी, तो कितीतरी मोठा होऊन बसतो. हाताने करायचे तेव्हा कागदाचा किंवा पत्र्याचा नमुना घेऊन, नजरेने अंदाज बांधून, कापून, लावून बघून, परत तासून जमवायचे. मीही तसंच शिकलो. आता सीटी स्कॅनवरून चेहऱ्याचं आणि पायाचं त्रिमित चित्र तयार होतं. कुठे कापायचं, किती अंशात, कुठला तुकडा कुठे, हे सगळं पडद्यावर ठरतं. मग त्या निर्णयांना हातात धरता येईल असं रूप द्यायचं. हाडावर घट्ट बसणारा साचा छापून घेतात, आम्ही त्याला कटिंग गाइड म्हणतो. त्याच्या खाचेतून करवत घातली की ती दुसरीकडे जाऊच शकत नाही.

माझ्या मते त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट खाचा नाही, भोकं आहेत. त्याच गाइडमधून स्क्रूची भोकं आधी पाडून घेतो. टायटॅनियमची प्लेट त्या रुग्णासाठीच बनवलेली असते, तिची भोकं याच भोकांवर यावीत असं आखलेलं असतं. म्हणून कापलेले तुकडे प्लेटला लावले की ते पडद्यावर ठरवलेल्या जागी आपसूक येतात. अंदाजाला फारशी जागाच उरत नाही.

कोरा_कागद

माझ्या मावशीचं असंच ऑपरेशन पंधरा वर्षांपूर्वी झालं. कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं, जबडा छान आहे. मग हा खर्च आणि थांबणं खरंच गरजेचं आहे का? डॉक्टरांना आव्हान देत नाही, मनापासून विचारतोय.

मणिबंध

रास्त प्रश्न. अनुभवी हातांनी कॉम्प्युटरशिवाय उत्तम जबडे घडवलेत आणि अजूनही घडतात. सरळ बाजूचा एकच तुकडा बसवायचा असेल तर मी स्वतः आखणी टाळतो. हनुवटीचा बाक असेल, दोनपेक्षा जास्त तुकडे असतील, किंवा उरलेलं हाड सरकलेलं असेल, तेव्हा मात्र मला ती हवी असते. वेळही वाचतो. फिब्युला पायापासून तोडल्यापासून मानेत रक्त सुरू होईपर्यंतचा काळ हाडासाठी उपाशी असतो. तासणं-जुळवणं आधीच, पायाशी रक्तपुरवठा चालू असतानाच उरकलं, तर तो काळ कमी होतो.

रक्तवाहिनी शिवणं, संसर्ग टाळणं, जखम भरणं यात कॉम्प्युटर काही करत नाही. ते हातांचं आणि नर्सिंगचं काम आहे. केंद्र निवडताना आधी ते बघा, यंत्रं नंतर.

शुक्रतारा

पाऊलखूणताई, मी यातून गेले आहे. यंत्रावर काम करताना अपघात झाला होता, चार वर्षं झाली. डाव्या पायाचं हाड, तीन तुकडे.

पहिले तीन दिवस सांगते, कारण ते कुणी आधी सांगत नाही. गळ्यात श्वासाची नळी होती, बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. दर तासाला नर्स यायची, रात्रीसुद्धा. दिवा लावायचा, हाडाबरोबर घेऊन तोंडात बसवलेल्या पायाच्या कातडीचा रंग बघायचा, बोटाने दाबून सोडायचं, मग छोटं यंत्र टेकवायचं आणि त्यातून रक्ताचा आवाज ऐकायचा. सूं सूं, सूं सूं. पहिल्या रात्री मला त्याचा राग आला होता. दुसऱ्या रात्रीपासून तो ऐकल्याशिवाय झोप लागेना. शिवलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते आणि लगेच कळलं तर परत थिएटरमध्ये नेऊन वाचवता येते, म्हणून हा पहारा.

पाय: पाचव्या दिवशी उभं केलं, दहाव्या दिवशी वॉकर घेऊन चालले. तीन महिन्यांत बिनआधार. आज जिने चढते, भराभर चालते. पळायला गेलं तर घोट्यात कच्चेपणा जाणवतो आणि अंगठा पूर्ण वाकत नाही. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला लांब व्रण आहे. आईंना सांगा, पाय कापत नाहीत, पायातून एक हाड उसनं घेतात.

घडीव

मी आखणीच्या बाजूला काम करतो. सर्जन पडद्यावर जे ठरवतात ते मॉडेल, गाइड आणि प्लेटमध्ये उतरवणं हे माझं रोजचं काम. एक मुद्दा राहून गेलाय आणि तुमच्या भावासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

गाठीसाठी जबडा काढायचा असतो तेव्हा मूळ आकार स्कॅनमध्ये समोर असतो. आधी बघा, मग कापा, तसंच परत बांधा. अपघातात मूळ आकार कुठेच नसतो. जे स्कॅनमध्ये दिसतं ते आधीच मोडलेलं, सरकलेलं. त्यामुळे पहिला प्रश्न 'काय बसवायचं' हा नसून 'आधी काय होतं' हा असतो.

नेहमीचा मार्ग म्हणजे आरसा: चांगली उजवी बाजू उलटी करून डावीकडे ठेवायची. पण दोन अडचणी आहेत. एक, कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. दुसरी, तुमच्या भावाची उजवी बाजूच जागेवरून फिरली आहे. ती आधी परत जागेवर न्यायला हवी, आणि जागा दाखवणार वरचे दात. वरचा जबडा शाबूत असेल तर तो नकाशा आहे. खालचे उरलेले दात त्यात जिथं बसतात तिथंच त्यांची मूळ जागा.

आता दात नीट दिसायला हवेत. सीटीमध्ये चांदीचं फिलिंग किंवा धातूची कॅप असली की तिच्याभोवती पांढऱ्या रेघा पसरतात आणि चावण्याचे पृष्ठभाग धूसर होतात. म्हणून दातांचा वेगळा स्कॅन तोंडात कॅमेरा फिरवून घेतात आणि सीटीवर चढवतात.

आणि एक विनंती. अपघाताआधीचं काहीही शोधा. दातांचा जुना एक्स-रे, हसतानाचे समोरून काढलेले फोटो, सायनससाठी कधी काढलेला सीटी. लहानपणी दातांना तारा लावल्या होत्या का? तेव्हाचे प्लास्टरचे साचे घरात कुठे पडले असतील तर ते सोन्याहून मोलाचे.

पाऊलखूण

घडीव, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठले आणि माळा उपसला. त्याच्या दातांच्या तारा सोळाव्या वर्षी काढल्या होत्या. एका चपलेच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दोन्ही जबड्यांचे पांढरे साचे सापडले! मागच्या बाजूला त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलंय, तारा काढल्या त्या दिवसाची तारीख आहे. खालच्या साच्याचा एक कोपरा उडालाय. दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि ते टक् करून बसले. मी तिथंच माळ्यावर बसून रडले.

उद्या डॉक्टरांकडे नेते. तेरा वर्षांपूर्वीचे चालतील का?

मणिबंध

चालतील. सोळाव्या वर्षी कायमचे दात आलेले असतात, आणि साचे तारा काढल्यानंतरचे आहेत हे फार बरं झालं. उपचार सुरू होण्याआधीचे असते तर त्यात जुनीच वाकडी ठेवण दिसली असती.

तेरा वर्षांत दात थोडे हलले असतील. त्यासाठी डॉक्टर भावाच्या आजच्या दातांवरची झीज बघतील. रोज चावून दातांच्या टोकांवर बारीक चकाकणारे सपाट चट्टे पडतात. वरच्या दाताचा चट्टा खालच्या दाताच्या चट्ट्याशी किल्ली-कुलुपासारखा जुळतो. साचा आणि झीज दोन्ही एकच जागा दाखवत असतील तर निर्धास्त पुढे जायचं. चेहऱ्याच्या रेषेपेक्षा मी दातांच्या जुळणीवर जास्त भर देतो. चेहरा दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही. चावताना दातांमध्ये केस आला तरी माणसाला कळतो.

नवे दात बसवायचे असतील तर तेही आजच आखायला सांगा. फिब्युलाची उंची साधारण १३ ते १५ मिलिमीटर, दात असलेल्या जबड्याची त्याच्या जवळपास दुप्पट. हाड खालच्या कडेला लावलं तर चेहऱ्याची रेषा छान दिसते, पण दात फार उंच करावे लागतात. वर लावलं तर दातांना बरं, पण कड आत जाते. कधी हाड दुमडून दोन थर करतात. म्हणून आधी दात ठरवायचे, मग त्यांच्याखाली इम्प्लांट, म्हणजे दात धरणारे हाडातले स्क्रू, मग हाड. काही केंद्रांत दातही त्याच दिवशी बसवतात, पण संसर्ग होऊन गेलेल्या जागी मी थांबणं पसंत करतो.

ओंजळ

मी फिजिओथेरपिस्ट. शस्त्रक्रियेनंतरचं लिहिते.

तोंड उघडणं. निरोगी माणसाची तीन बोटं उभी मावतात, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. व्रण आवळत जातात आणि मोजलं नाही तर लक्षात येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज पट्टीने मोजून वहीत लिहा. दातांना रबरं लावून तोंड बांधलं असेल तर कात्री उशाशीच हवी. उलटी आली तर क्षणात कापता आली पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येकाला कुठली रबरं कापायची ते दाखवून ठेवा.

खालच्या ओठाचा बधिरपणा बहुधा राहील. ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून जाते आणि इथं तेवढा जबडाच गेलाय. ओठ हलेल, पण गरम-गार कळणार नाही, लाळ ओघळली तर समजणार नाही. आरशासमोर सराव केला की जमतं. पाऊल वरखाली करायचा व्यायाम मात्र पहिल्या आठवड्यातच. आणि तो सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद, एकही नाही. बारीक वाहिन्या आकसतात.

कोरा_कागद

डॉक्टर, अजून एक. ही आखणी अपघाताच्या रात्रीच केली असती तर हे सगळं टळलं नसतं का?

मणिबंध

मला नाही वाटत. अपघाताच्या रात्री श्वासाची वाट, रक्तस्राव आणि मेंदू-मानेची इजा आधी. शिवाय आखणीला, छपाईला, निर्जंतुक करायला दिवस लागतात. साध्या फ्रॅक्चरमध्ये हाड गेलेलं नसतं, ते दात जुळवून प्लेटने धरलं की पुरतं. ज्या रुग्णालयांत स्वतःचा प्रिंटर आहे तिथं मात्र एक चांगला मधला मार्ग असतो. जबड्याचे तुकडे पडद्यावर जुळवायचे, जुळलेला जबडा रातोरात छापायचा आणि प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवायची. जबड्याचा चुरा झाला असेल तर याचा मोठा उपयोग होतो.

नेव्हिगेशनबद्दलही लोक विचारतात, म्हणजे ऑपरेशन चालू असताना कॅमेऱ्याने हत्याराची जागा पडद्यावर बघणं. डोळ्याच्या खोबणीला ते उत्तम. खालचा जबडा कवटीच्या मानाने हलतो, त्यामुळे तिथं ते तितकं सोपं नाही आणि गाइड जास्त भरवशाचं.

घडीव

आमच्याकडून होणाऱ्या चुकाही सांगतो, म्हणजे तुम्हाला विचारता येतील. आखणी स्कॅनच्या दिवसाची असते. स्कॅन आणि ऑपरेशनमध्ये दोन-तीन महिने गेले, त्यात हाड झिजलं किंवा आणखी सरकलं, तर गाइड बसत नाही. गाइड हाडावर बसवताना मधे स्नायूचा पापुद्रा राहिला तर ते डुगडुगतं. एकदा माझं एक गाइड असंच डुगडुगलं, सर्जनांनी ते बाजूला ठेवून हाताने काम केलं, आणि तेच बरोबर होतं. त्यानंतर मी प्रत्येक आखणीत 'गाइड बसलं नाही तर' असं एक पान जोडतो, त्यात मोजमापं लिहिलेली असतात.

पायाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झालाय का ते विचारा. काही जणांच्या पावलाला रक्त मुख्यतः फिब्युलाजवळच्या धमनीतूनच जातं. अशा पायाचं हाड घेता येत नाही.

पाऊलखूण

दोन आठवडे लिहायला जमलं नाही. आम्ही हो म्हणालो.

आखणीच्या बैठकीला डॉक्टरांनी भावालाही बसवलं. पडद्यावर त्याची कवटी फिरत होती, जबड्याच्या सरकलेल्या बाजू राखाडी, फिब्युलाचे दोन तुकडे निळे. डॉक्टर माउसने हनुवटी उजवीकडे नेत होते, दात साच्याप्रमाणे जुळले तिथं थांबले. भाऊ म्हणाला, "अजून थोडी." डॉक्टरांनी त्याचा जुना फोटो लावला आणि म्हणाले, "फोटोत बघ, तुझी हनुवटी आधीपासून जराशी डावीकडेच होती." त्याने फोटो बराच वेळ बघितला आणि मान हलवली.

मॉडेल घरी आणलंय. आईने ते हातात घेऊन तुटलेल्या भागात बोट घातलं, मग त्याच्या गालावर तिथंच हात ठेवला. तेव्हापासून ती पायाबद्दल काही बोलली नाही.

पाऊलखूण

शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले. साडेनऊ तास लागले. पहिल्या रात्री शिरेत अडथळा आल्यासारखा रंग निळसर झाला, परत आत नेलं, टाके पुन्हा घातले. शुक्रतारा, तुम्ही सांगितलेला तो आवाज मी काचेबाहेरून ऐकला. आता सगळं ठीक आहे. गळ्यातली नळी काल काढली.

शुक्रतारा

ताई, डोळे भरून आले. त्याला सांगा, चेहऱ्याची सूज बघून घाबरायचं नाही. माझी पूर्ण उतरायला चार महिने लागले.

धाकटा

ताईने असा धागा काढलाय हे मला नंतर कळलं. सगळा वाचला. आज अकरावा आठवडा.

उजवीकडचे दात बसतात. पहिल्यांदा बसले तेव्हा आवाज आला आणि मी दचकलो, वर्षभरात ऐकला नव्हता. तोंड आज ३१ मिलिमीटर उघडतं, सुरुवातीला १४ होतं, वही ठेवली आहे. ओठ बधिर आहे. बोलताना डावा हात अजून गालाखाली जातो. तिथं पोचल्यावर लक्षात येतं की उचलायला काही नाही, मग खाली घेतो.

जिना उतरताना घोटा दुखतो, चढताना नाही. हे असंच असतं का?

ओंजळ

हो. उतरताना घोट्याला शरीर आवरून धरावं लागतं, ते स्नायू अजून कच्चे आहेत. पायरीच्या कडेवर टाचा उचलून सावकाश खाली सोडायच्या, कठडा धरून, दहा-दहा वेळा. सूज वाढली तर एक दिवस थांबा.

घडीव

धाकटा, एक मागणं आहे. शस्त्रक्रियेनंतरचा सीटी झाला की डॉक्टरांना सांगून तो आखणी करणाऱ्यांकडे पाठवायला सांगशील? ठरवलेली जागा आणि मिळालेली जागा एकमेकांवर ठेवून बघितली की फरक मिलिमीटरमध्ये कळतो. आमच्याकडे ते फार कमी वेळा परत येतं.

धाकटा

पुढच्या महिन्यात इम्प्लांटच्या आधी सीटी आहे. पाठवायला सांगतो. फरक किती निघाला तेही इथं लिहीन.